दिव्याचं तेल कपाळावर

वातीमावशीने एखादी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याने ती आधी निम्मी करायची, उरलेल्यातली पुन्हा निम्मी टाकून द्यायची, आणि जे हाती राहील तेही चार दिवस उन्हात वाळवून मग घ्यायचं, असं खुद्द तिचा मुलगाच सांगायचा. सून तेवढंही बोलायची नाही. भाजी चिरता चिरता ती फक्त एक भुवई वर करायची. मुलाच्या बोलण्यापेक्षा मावशीला ती भुवईच जास्त झोंबायची.

मावशीचं खरं नाव आता तिच्या आधारकार्डाला आणि देवाला, दोघांनाच माहीत. बाकी सगळी वस्ती तिला वातीमावशी म्हणायची ती तिच्या कामावरून. चर्चमध्ये वेदीच्या बाजूला लाल काचेचा एक दिवा तीन साखळ्यांनी टांगलेला होता. जिथे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्त स्वतः जिच्यात आहे असं मानतात ती पवित्र भाकर, ठेवलेला असतो तिथे असा दिवा रात्रंदिवस तेवत ठेवतात. त्याची वात, काच आणि तेल आधी मावशीची सासू बघायची. सासू गेली आणि काम मावशीकडे आलं. त्या घरात सोनंनाणं कधी नव्हतंच. वारसा म्हणून जे काही होतं ते हेच. जोडीला दारापाशी भिंतीत बसवलेली दगडी वाटीही आली. त्या वाटीत पवित्र पाणी भरून ठेवायचं, म्हणजे आत येणारा माणूस बोट बुडवून कपाळाला लावतो, क्रुसाची खूण करतो आणि बाहेरचं जग बाहेर ठेवून आत शिरतो.

आता एवढं चांगलं काम हाती आहे म्हटल्यावर माणसाने गप्प करावं. पण मावशी त्या दिव्यावर पोवाडेच रचायची. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवा सासूने पेटवला तेव्हापासून एकदाही विझला नव्हता. वादळाने चर्चचं छप्पर उडवून नेलं तेव्हा ज्योतीने फक्त मान खाली घातली आणि वारा गेल्यावर पुन्हा वर केली. पूर आला तेव्हा दिवा साखळीतून सुटला आणि होडीसारखा तरंगत बाकांमधून फिरला, आणि पोहता न येणारे दोन उंदीर त्यात बसून पैलतीराला लागले. उंदीर कधी दोन असायचे, कधी पाच. एकदा तर त्यांच्यासोबत मांजर पण होतं, आणि ते सगळे शहाण्यासारखे एका रांगेत बसले होते.

दर महिन्याला मावशी कन्फेशनला जायची आणि जाळीपलीकडच्या फादरांना सांगायची की खोटं बोलले. फादर विचारायचे, किती. मावशी म्हणायची, मोजलं नाही. एवढ्या एका बाबतीत ती नेहमी खरं बोलायची.

एक मात्र खरं. मावशी खोटं सांगायची ते स्वतःसाठी नाही. कुणाचे भरलेले डोळे तिला बघवत नसत, आणि रडण्यावर तिला हे एकच औषध ठाऊक होतं.

तेच औषध तिने नणंदेला दिलं आणि अंगाशी आलं.

नणंद साठीला आली होती, तरी सगळे तिला बेबीच म्हणायचे. तिचा नवरा घड्याळजी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं टीचभर दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर लोकांची थांबलेली घड्याळं चालू करायचा. आणि आता त्याचंच घड्याळ, म्हणजे छातीतलं, अडखळायला लागलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दाखल करायच्या दिवशी बेबी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. मावशीने पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, पदराने वारा घातला. काही उपयोग झाला नाही. मग तिचं तोंड आपोआप उघडलं.

"अगं, रडतेस काय? आपल्या दिव्यासमोर बसून ज्या बाईने नवरा मागितला, त्या प्रत्येकीचा नवरा परत आलाय. एकीचा तर बुडालेल्या बोटीतून पोहत आला. ही एवढी दाढी, आणि हातात जिवंत मासा. दिवा जळतोय तोवर माणसाला काही होत नाही. ज्योत ताठ तर माणूस ताठ, हे लिहून ठेव."

बेबीने डोळे पुसले आणि विचारलं, "खरंच का गं वहिनी?"

"तुझ्या आईची शपथ," मावशी म्हणाली. बेबीची आई म्हणजे मावशीची सासू. ती वर गेलेली, तेव्हा साक्षीला येण्याची भीती नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मावशी दिव्यात तेल घालायला गेली. तेलाची आणि पवित्र पाण्याची अशा दोन बाटल्या वेदीमागच्या खोलीत शेजारी शेजारी असायच्या. दोन्ही सरबताच्या जुन्या बाटल्या, सारख्याच. तेलही बिनवासाचं, पाण्यासारखं नितळ. ओळखायची खूण म्हणजे तेलाला लाल झाकण आणि पाण्याला निळं. त्या दिवशी मावशीने बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या होत्या, आणि वेदीवर फुलं लावायला आलेल्या दोघी बायका पुराची गोष्ट ऐकायला थांबल्या होत्या. गोष्ट रंगात आली. मावशीने हातवारे करत झाकणं लावली, हातवारे करत दिवा खाली घेतला आणि हातवारे करतच तो काठोकाठ भरला. पुराचं एवढं पाणी आलं पण या दिव्याचं काही बिघडलं नाही, असं सांगता सांगता तिने दिव्यात पाणी ओतलं, आणि ते तिला कळलंही नाही. जाताना दारापाशी थांबून तिने पाणी म्हणून दगडी वाटीत तेल घातलं आणि हुश्श करून घरी गेली.

दिव्याच्या तळाशी थोडं तेल होतं ते पाण्यावर तरंगून वर आलं, आणि वात बिचारी त्यावर रात्रभर जळत राहिली.

सकाळची मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, झाली. मावशी दारापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत होती. आधी पोस्टमन बाहेर पडला. त्याचं कपाळ उन्हात असं चमकलं की समोरचं कुत्रं डोळे मिटून बाजूला झालं. मावशीला वाटलं, घाम असेल. मग संगीत शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांचंही कपाळ मघाशीच घासलेल्या पितळी तांब्यासारखं. पाठोपाठ कॉन्व्हेंटच्या दोन सिस्टर आल्या. मोठ्या सिस्टरच्या डोक्यावरच्या पांढऱ्या वस्त्राला पुढे एक डाग पडला होता आणि ती दुसरीला विचारत होती की आज हवेत दमटपणा आहे का. मावशीने सहज स्वतःच्या कपाळाला हात लावला. बोटं सुळकन घसरली.

माणसं कपाळाला हात लावतात ते सगळं कळून चुकल्यावर. मावशीला कपाळाला हात लावल्यावर कळलं.

वाटीत तेल आहे, तर मग दिव्यात काय आहे?

ती वळली. सगळे बाक रिकामे झाले होते, फक्त पहिल्या बाकावर बेबी बसली होती. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी ती दिव्याकडे बघत होती. मावशीच्या मनात आलं, चला, निदान कुणाच्या तरी डोळ्यांत तेल आहे, दिव्यात तर नाही. आणि लगेच तिला त्या विनोदाची लाज वाटली, कारण बेबी इथे काय करत होती? दहा वाजता नवऱ्याला आत नेणार होते. तिने या वेळी हॉस्पिटलात असायला हवं होतं.

तेवढ्यात मावशीच्या पिशवीतला फोन वाजला. बेबीचा मुलगा होता. तो म्हणाला, मामी, आई तिथे आहे का, फोन उचलत नाही. बाबा मघापासून दर दोन मिनिटांनी विचारतायत की ती आली का. त्यांना आत नेण्याआधी एकदा तिला भेटायचंय. मावशी बघते म्हणाली आणि बेबीजवळ गेली.

बेबीने मानही वळवली नाही. म्हणाली, "मी इथून हलणार नाही वहिनी. तूच म्हणालीस ना. ज्योत ताठ आहे बघ."

ज्योत ताठ होती खरी, पण चांगलीच बारीक झाली होती.

वर्षानुवर्षं मावशी गोष्टी सांगत आली आणि लोक हसून घरी गेले. आज पहिल्यांदाच एका गोष्टीवर कुणीतरी खरोखर बसलं होतं, आणि त्या गोष्टीच्या बुडाखाली पाणी होतं. दिवा बेबीच्या डोळ्यांदेखत विझला तर? त्याच वेळी तिकडे टेबलावर तिचा नवरा असेल. ती इथल्या इथे कोसळेल. आणि देव न करो, तिकडे खरंच काही झालं, तर शेवटची भेटही झाली नाही, का, तर वहिनीने हातात मासा घेतलेला माणूस रंगवून सांगितला म्हणून.

कपाटात तेलाचा नवा डबा होता. बेबी पाच मिनिटं बाहेर गेली की झालं. दिवा उतरवायचा, पाणी ओतून टाकायचं, नवं तेल, नवी वात, एक काडी, आणि कुणाला कळलंही नसतं. मावशीने बेबीला सांगितलं की फादर बोलावतायत. बेबी म्हणाली, त्यांना म्हणावं इथे या. मावशीने सांगितलं की बाहेर चहा आलाय. बेबी म्हणाली, तू घे. मावशीने सांगितलं की बेबीच्या चपला कुत्रं घेऊन चाललंय. बेबी म्हणाली, जाऊ दे, जुन्या आहेत.

इतकी वर्षं लोकांना काय वाटेल ते पटवणाऱ्या बाईला त्या सकाळी एक साधं कुत्रं पटवता आलं नाही.

दिव्यातून आवाज आला. चट्. मग पुन्हा, चट्. वातीला पाणी लागायला लागलं होतं.

मावशी जवळजवळ पळतच वेदीमागच्या खोलीत गेली. फादर झगा घडी करून ठेवत होते. त्यांचंही कपाळ चमकत होतं. मावशीने दार लोटलं आणि जाळी नाही, गुडघे टेकणं नाही, उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. झाकणं, बाटल्या, पूर, उंदीर, मासा, दाढी, घड्याळजी. फादरांनी मध्येच स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमालाला पुसलं.

मावशी शेवटी म्हणाली, "फादर, तो दिवा विझला तर देव निघून जाईल का हो तिथून?"

फादर म्हणाले, "तुमच्या घरातली वीज गेली की तुमचा मुलगा घर सोडून जातो का?"

"नाही. शिव्या घालत मेणबत्ती शोधतो."

"पण घरातच असतो ना? मग झालं. दिवा त्याच्यासाठी नाही हो मावशी, त्याला अंधाराची कसली भीती. दिवा आपल्यासाठी आहे. तो घरात आहे हे आपल्याला लांबून कळावं म्हणून."

मावशी म्हणाली, मग आता तुम्हीच चला आणि तिला हे एवढं सांगा. फादरांनी नकारार्थी मान हलवली.

"मी सांगितलं तर ते प्रवचन होईल. खोटं तुम्ही सांगितलंत, खरंही तुम्हीच सांगा. आणि प्रायश्चित्तही तेच. आजचा दिवस जे झालं तेवढंच बोलायचं, वर फोडणी घालायची नाही. उंदीर अजिबात नकोत."

मावशी परत बेबीशेजारी येऊन बसली. पुराची गोष्ट सांगताना तिच्या तोंडात शब्द मावत नसत, आणि आता एक साधं वाक्य जुळत नव्हतं. शेवटी तिने बेबीचा हात धरला आणि दिव्याकडे न बघता बोलली.

"बेबी, ते मी बनवून सांगितलं होतं. कुणी नवरा मागितला नव्हता, कुणी पोहत आला नाही. तू रडत होतीस म्हणून जे तोंडात आलं ते बोलले. आणि काल मी त्या दिव्यात तेलाऐवजी पाणी घातलंय. तो आता विझेल. त्याचा तुझ्या नवऱ्याशी काही संबंध नाही. तो तिकडे तुझी वाट बघतोय."

चट्, चट्, असं दोनदा झालं, ज्योत एकदा उंच झाली, आणि विझली. धुराची एक बारीक रेघ वर गेली.

मावशीने डोळे मिटून घेतले. बेबी किंचाळेल, कोसळेल, निदान दोन शिव्या तरी देईल, अशी तिची तयारी होती. काहीच झालं नाही. तिने एक डोळा उघडून बघितलं. बेबी विझलेल्या दिव्याकडे बघत होती आणि तिच्या खांद्यांवरून कुणीतरी धान्याचं पोतं उतरवावं तसे ते खाली आले होते.

"वहिनी," बेबी म्हणाली, "आईच्या हातून हा दिवा कितीदा विझलाय माहितीये? कधी वात संपायची, कधी तिला झोप लागायची. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून तिला काड्यापेटी आणून द्यायचे. ती म्हणायची, कुणाला बोलू नकोस, लोक उगाच घाबरतात."

मावशीने विचारलं की मग त्या दिवशी बाकावर माझं ऐकून कसं घेतलंस, आणि आज इथे कशाला बसलीस.

बेबी म्हणाली, "दिव्याकडे बघणं सोपं होतं गं. त्याच्याकडे बघायचं तर धीर होत नव्हता. त्या हिरव्या कपड्यांत त्याला बघितलं आणि मी रडले तर तो काय करेल? तू ती गोष्ट सांगितलीस आणि मला बरं निमित्त मिळालं." तिने नाक पुसलं. "आता निमित्तही विझलं."

"मग ऊठ," मावशी म्हणाली. "रडायचं तर तिथे रड. मी आहे."

दोघी उठल्या. दारापाशी बेबीने सवयीने दगडी वाटीत बोट बुडवलं, कपाळाला लावलं आणि बोट नाकाशी नेलं. मावशी म्हणाली, विचारू नकोस, रिक्षात सांगते.

डॉक्टरांना आधीच्या ऑपरेशनला उशीर झाला होता, म्हणून घड्याळजी अजून खोलीतच होता. उशिरावर आयुष्यभर चिडणारा माणूस त्या दिवशी उशिराला दुवा देत होता. बेबी आत गेली आणि अर्थातच रडली. तोही रडला. मावशी दाराशी उभी होती, तिने तर दोघांना मागे टाकलं. मग बेबी त्याच्यावर वाकली, तिने त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं, आणि वर झाली तेव्हा त्याच्याही कपाळावर एक चकचकीत गोल उमटला होता.

"हे काय लावून आलीस?" त्याने विचारलं.

"दिव्याचं तेल," बेबी म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मशीन उघडतायत, तेल लागणारच होतं."

त्याला आत नेलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या आणि जपमाळ काढली. बेबी सुरुवात करायची, मावशी पुरी करायची. मध्येच मावशीला डुलकी लागायची आणि ती पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायची. इतर वेळी तिने प्रार्थनेतही देवाला चार गोष्टी रंगवून सांगितल्या असत्या. त्या दिवशी एवढंच म्हणत राहिली, की तू आहेस हे मला माहीत आहे, दिवा नसला तरी. हे वाक्य तिला स्वतःलाच नवं होतं. हातात नवी वस्तू फिरवून बघावी तसं ते तिने पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं.

दुपार कलायला लागली तेव्हा डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले की सगळं नीट झालंय, घड्याळ चालू आहे. बेबी भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. मावशीने जपमाळ पिशवीत टाकली आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण पाण्याचा घोटही घेतलेला नाही.

संध्याकाळी दोघी चर्चमध्ये परत गेल्या. मावशीने दिवा उतरवला, काच पुसली, डब्यातलं नवं तेल बोटाला लावून दोनदा बघितलं आणि मगच भरलं. बेबीने पदराआडून काड्यापेटी पुढे केली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. ज्योत लागली, लालसर उजेड भिंतीवर सरकला, आणि मावशीला मोकळं वाटलं. घरातला माणूस घरातच होता. दिवा फक्त पुन्हा तसं सांगत होता.

पण प्रायश्चित्त अजून संपलं नव्हतं. वस्तीत सकाळपासून एकच बोलणं चाललं होतं, की पवित्र पाण्याचं तेल झालं. पोस्टमनने प्रत्येक दाराशी पत्राबरोबर ही बातमीही टाकली होती. संगीताच्या बाईंचं डोकं दुखायचं थांबलं होतं. कॉन्व्हेंटमधली मोठी सिस्टर डागाचं वस्त्र धुवायला तयार नव्हती. मावशीच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नव्हती. गप्प बसली असती तरी पुरे होतं, गोष्ट आपोआप उंदरांसकट तरली असती.

ती दारोदार गेली. प्रत्येकाला सांगितलं की चमत्कार वगैरे काही नाही, झाकणं बदलली, मीच वेंधळी. आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. पोस्टमन डोळा मारून म्हणाला, मावशी, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी थाप. फुलांवाल्या दोघी म्हणाल्या, बघा किती नम्र आहे, चमत्कार झाला तरी स्वतःला दोष देते. थकून मावशी घरी आली आणि तेच सगळं सुनेला सांगितलं, पहिल्यापासून, फोडणीशिवाय.

सुनेने चिरायची सुरी खाली ठेवली. भुवई जागच्या जागी होती.

"दमला असाल," ती म्हणाली. "बसा, आधी खाऊन घ्या."

काही दिवसांनी घड्याळजी उशीला टेकून बसायला लागला. डॉक्टरांनी त्याला दुकानाचा विचारही करायला मनाई केली होती, त्यामुळे तो वैतागला होता. मावशी भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, वहिनी, ते बोटीतून पोहत आलेल्या माणसाचं काय झालं, बेबी धड सांगत नाही.

मावशीने बेबीकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली.

"ही खोटी आहे हं," ती म्हणाली. असं आधी सांगून तिने आजवर एकही गोष्ट सुरू केली नव्हती.

"माहितीये," घड्याळजी म्हणाला. "माशापासून सांगा."